जिल्हा बदलला, कागद का बदलावा?

१. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या आणि पांढुर्णा जिल्हा झाला. कोणाचं शेत की संत्र्याची बाग, इंचभरही हलली नाही. पण जुन्या दाखल्यांवर, खसऱ्याच्या नकलेवर ‘जिल्हा छिंदवाडा’ आहे, जुन्या गाड्यांवर एमपी-२८ आहे, आणि लोकसभेला आपण छिंदवाड्याचेच. म्हणजे ‘जिल्हा कोणता?’ याचं उत्तर कामागणिक वेगळं.

२. संगणकवाल्यांना ही कटकट जुनी. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, उघडलेल्या फाइलची मूळ नोंद (तिला आयनोड म्हणतात) हवी असली, की ठिकठिकाणचा कोड आतल्या रचनेच्या पायऱ्या स्वतःच उतरायचा. २०१३ मध्ये कर्नेलचे एक विकासक अल विरो यांनी त्यासाठी एक छोटं मदतनीस फंक्शन घातलं: फाइल द्या, आयनोड घ्या. त्याच वर्षी या नोंदीचा पत्ता फाइलच्या रचनेतच थेट ठेवला जाऊ लागला. फंक्शनच्या आत तेवढा फेरफार झाला, विचारणाऱ्यांना पत्ताही लागला नाही.

३. आपली मागणी हीच. प्रत्येक खात्याच्या संगणकात जिल्ह्याचं नाव कोरून ठेवू नका. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावागावाला कोड आहे. तो ठेवा, आणि जिल्हा लागेल तेव्हा कोड व कागदाची तारीख देऊन अशाच एका मदतनीसाला विचारा. तारीख हवीच. २०१९ च्या दाखल्यावर छिंदवाडा आहे, आणि तो खराच आहे. ‘दुरुस्त करून आणा’ म्हणणारी खिडकी चुकते.

४. मग काय, आतलं सगळं झाकून ठेवायचं? मुळीच नाही. लिनक्सची ओळन्‌ओळ कोणीही वाचू शकतो. तरीही २०२० च्या ५.७ आवृत्तीत, कर्नेलमधल्या कुठल्याही नावाचा पत्ता शोधून देणारं फंक्शन बाहेरून जोडल्या जाणाऱ्या मॉड्यूलांना बंद झालं. वाचणं वेगळं, त्यावर आपलं काम टेकवणं वेगळं. २००५ चा माहिती अधिकार वाचण्यासाठी आहे, त्याला हात लावू नये.

५. मदतनीसही उदंड नकोत. खात्याखात्याने आपापला काढला, तर पांढुर्ण्याला चार उत्तरं मिळतील. एकच असावा, आणि लोकसेवा केंद्रापासून तहसीलपर्यंत सर्वांनी त्यालाच विचारावं.

६. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा हट्ट प्रसिद्ध आहे: आतलं हवं तसं बदला, बाहेरचा चालता प्रोग्राम मोडता कामा नये. जिल्हे पाडणं सरकारचा अधिकार, त्याला आमची ना नाही. पण आदिवासी माणसाला जातीच्या दाखल्यासाठी १९५० चा रहिवास दाखवावा लागतो, आणि तेव्हा तर मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. असा कागद घेऊन आलेल्याकडून जिल्हा बदलल्याचं शपथपत्र मागू नका. जिल्हा ज्या अधिसूचनेने झाला, तिची प्रत खिडकीच्या आतच लावून ठेवा.