समजून घेणे आणि सूट देणे

'अ‍ॅडोलेसन्स' ही चार भागांची ब्रिटिश मालिका १३ मार्च २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आली आणि बघता बघता जगभर गाजली. १३ वर्षांच्या जेमी मिलरने आपल्याच शाळेतल्या केटी या मुलीचा चाकूने खून केला आहे. पहिल्याच भागात पोलीस सीसीटीव्हीचे चित्रण त्याच्या वडिलांसमोर ठेवतात, त्यामुळे खुनी कोण हे कोडे तिथेच सुटते. तरीही प्रेक्षकांचे वाद थांबले नाहीत. सर्वाधिक चर्चा झाली ती तिसऱ्या भागाची. प्रेक्षकांची मते इतकी टोकाची का झाली, हे नीट पाहिले पाहिजे.

या भागात अटकेला सात महिने झाले आहेत. बालसुधार केंद्रातली एक खोली, एक टेबल, एका बाजूला जेमी आणि दुसऱ्या बाजूला मानसशास्त्रज्ञ ब्रायनी. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, आपल्या सँडविचमधला अर्धा भाग देते. मग ती वडिलांबद्दल, आजोबांबद्दल, पुरुष असणे म्हणजे काय याबद्दल विचारू लागते. गप्पा मारणारा मुलगा क्षणात अंगावर धावून येणारा होतो, पुन्हा माफी मागतो, पुन्हा उसळतो.

पहिला आक्षेप चित्रणाच्या पद्धतीवर आहे. दिग्दर्शक फिलिप बॅरंटिनी यांनी प्रत्येक भाग एकही कट न घेता, सलग एका शॉटमध्ये चित्रित केला आहे. काहींना ही निव्वळ करामत वाटते. दुसऱ्या भागात कॅमेरा शाळेभर फिरून शेवटी हवेत उडतो, तिथे हा आक्षेप अगदीच बिनबुडाचा म्हणता येणार नाही. तिसऱ्या भागात मात्र या पद्धतीशिवाय गत्यंतर नव्हते. कट घेतला की कोणाचा चेहरा कधी पाहायचा हे संकलक ठरवतो आणि प्रेक्षकाला सुटकेचा श्वास मिळतो. इथे तो मिळत नाही. ब्रायनी जितकी कोंडली आहे तितकेच आपणही कोंडले जातो. नटांनाही या पद्धतीने मोकळीक दिली. जेमी साकारणाऱ्या ओवेन कूपर या मुलाचे हे अभिनयातले पहिलेच काम, आणि चारपैकी हाच भाग सर्वांत आधी चित्रित झाला. एका टेकमध्ये त्याला खरीच जांभई आली आणि ब्रायनी साकारणाऱ्या एरिन डोहर्टी यांनी भूमिका न सोडता, कंटाळा आला का, असे त्याला विचारले. संहितेत नसलेला हा क्षण भागात राहिला. २०२५च्या एमी पुरस्कारांत दोघांनाही सहायक भूमिकेचा सन्मान मिळाला. तेव्हा कूपर १५ वर्षांचा होता.

दुसरा आक्षेप ब्रायनीच्या वागण्यावर आहे. आधी माया लावायची, बोलते करायचे आणि मग 'ही शेवटची भेट' असे सांगून निघून जायचे, हा मुलाचा विश्वासघात नाही का? या प्रश्नामागची कळकळ खरी आहे, पण तिच्या कामाचे स्वरूप त्यात सुटून जाते. ब्रायनी जेमीवर उपचार करत नाही. आपण काय केले आहे याची त्याला किती समज आहे, याचा स्वतंत्र अहवाल तिला न्यायालयाला द्यायचा आहे. म्हणूनच ती मृत्यू म्हणजे काय, केटी आता परत येणार नाही हे कळते का, असे थेट विचारते. शेवटी जेमी 'मी तुम्हाला आवडतो का' असे पुन्हा पुन्हा विचारतो. त्याला हवे ते उत्तर देणे म्हणजे खोटा दिलासा देणे झाले असते. तो गेल्यावर ती खोलीत एकटी कोसळते, हे पाहिलेल्याने तिला निष्ठुर म्हणू नये.

खरा मतभेद सहानुभूतीचा आहे. केटी समाजमाध्यमावर इमोजींतून जेमीची टिंगल करत होती, हे दुसऱ्या भागात कळते. त्यावरून अनेकांनी त्याला छळाचा बळी ठरवले. तिसरा भाग या निष्कर्षाला धक्का देतो. केटीचे खासगी छायाचित्र मुलांमध्ये फिरले होते. ती खचलेली असताना आपल्याला होकार देईल, असा हिशेब करून जेमीने तिला विचारले आणि तिने नकार दिला. पुढे खुनाच्या रात्रीविषयी तो म्हणतो की, तिला हात लावणे त्याला शक्य होते, दुसऱ्या मुलांनी लावलाही असता, त्याने लावला नाही, म्हणून तो त्यांच्यापेक्षा चांगला. संपूर्ण भागाचा गाभा इथे आहे. ज्या मुलीचा जीव घेतला, तिच्या शरीराला हात न लावणे हा त्याला स्वतःचा मोठेपणा वाटतो. तिला स्वतःची इच्छा आहे, हे त्याच्या गावीही नाही. जेमी अपमानित झाला होता हे खरे आणि दुसऱ्याच्या अपमानात त्याने आपली संधी शोधली हेही तितकेच खरे. यातले एकच सत्य उचलले की मत एकांगी होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: केटी कुठे आहे? दुसऱ्या भागात पोलीस अधिकारी फ्रँक खंत व्यक्त करते की लक्षात राहील तो जेमी, केटी नव्हे. लेखक जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांना या उणिवेची जाण होती, पण उणीव बोलून दाखवल्याने भरून निघत नाही. तिसऱ्या भागातही केटी आपल्याला भेटते ती तिच्या मारेकऱ्याच्या तोंडून. प्रेक्षकांची ही तक्रार मान्य केलीच पाहिजे.

ब्रिटनमध्ये चर्चा कलाकृतीपुरती राहिली नाही. पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी ३१ मार्च २०२५ रोजी निर्मात्यांशी चर्चा केली आणि माध्यमिक शाळांना मालिका मोफत दाखवण्याच्या योजनेचे स्वागत केले. कथा समाजाला बोलते करू शकते, धोरणाचा पुरावा होऊ शकत नाही. धोरणासाठी अभ्यास आणि आकडेवारीच लागते. शिवाय ही मालिका एकाच कारणाकडे बोट दाखवत नाही. मोबाइल आहे, मुलींविषयी विष पेरणारी भाषा आहे, स्वतःला कुरूप समजणे आहे, आणि फुटबॉलच्या मैदानात मुलगा कमी पडल्यावर नजर फिरवणारे वडीलही आहेत. यातले एक कारण दूर केले की प्रश्न मिटेल, असे हा भाग कुठेही सुचवत नाही.

आपल्याकडच्या ज्या पालकांनी ही मालिका पाहिली, त्यांनीही दोष कोणाचा या प्रश्नापाशी थांबू नये. मुलगा असा का झाला हे समजून घेणे म्हणजे त्याला सूट देणे नव्हे. कारणे कळल्याशिवाय पुढची हिंसा रोखता येत नाही आणि जबाबदारी निश्चित केल्याशिवाय न्याय होत नाही. केटीने 'नाही' म्हटले होते आणि ते म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क होता, एवढे जरी घरातल्या वाढत्या मुलाशी स्पष्टपणे बोलता आले, तरी या भागावर झालेल्या वादाचे चीज होईल.