लंगडा घोडा आणि समुद्राचे पाणी

जनावर लंगडले की त्याला बाजार दाखवायची आपल्याला भारी घाई. इंग्लंडातल्या ‘रेड रम’ घोड्याचे ऐका. खुरातल्या हाडाला सूज, चाल लंगडी. जिंजर मॅकेन यांनी १९७२ साली तो एका वृद्ध मालकासाठी घेतला. साउथपोर्टला समुद्राच्या ओल्या वाळूवर पळवला, खाऱ्या पाण्यातून रोज चालवला. चाल सुधारली. ग्रँड नॅशनल म्हणजे सुमारे सात किलोमीटर आणि तीस उड्या. ती त्याने १९७३, १९७४ आणि १९७७ साली जिंकली. मधली दोन वर्षे दुसरा! १९७४ ला तर पाठीवर ७६ किलो ओझे होते. आपल्याकडे समुद्र कुठला? पण गोठ्यात कोरडी, मऊ जागा देता येते. खूर उचलून पाहा. सूज दिसली तर आधी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.