आपल्या गावाची आकाशरेषा

दोस्तांनो, एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. आता डोळे मिटून मुंबई आठवा. समुद्र, त्याच्या काठाने उंच इमारतींची रांग, मध्येच एखादा घुमट. आली ना रेघ कागदावर? मुंबईला कधी न गेलेल्या मुलालासुद्धा ती काढता येते, कारण कॅलेंडरवर, सिनेमात, मोबाइलवर ती शंभर वेळा पाहिलेली असते.

आता त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आपल्या कळमनुरीची रेघ काढा. गावाबाहेरच्या रानात उभं राहून गावाकडे पाहिलं, तर आभाळाला टेकलेलं काय काय दिसतं? आधी मिनार, की आधी पाण्याची टाकी? देवळाचा कळस कुठे? सगळ्यांत उंच काय, मोबाइलचा मनोरा की कडुनिंब?

पेन्सिल थांबली ना? असंच होतं. ज्या गावात आपण रोज राहतो, ते दुरून कसं दिसतं हे आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं. शहराच्या किंवा गावाच्या माथ्यांनी आभाळावर जी वेडीवाकडी रेघ उमटते तिला आकाशरेषा म्हणतात. आज तिचा फोटो कसा काढायचा ते बघू. आणि मुख्य म्हणजे, तो का काढायचा तेही.

आधी एक गंमत सांगतो. कॅमेऱ्याने काढलेला आणि आजवर टिकून राहिलेला जगातला सर्वांत जुना फोटो कशाचा असेल? राजाचा? राजवाड्याचा? छे! तो आहे घराच्या छपरांचा. फ्रान्समधल्या एका खेड्यात निसेफोर निएप्स नावाचे गृहस्थ राहत. प्रयोग करणं हा त्यांचा छंद. १८२६-२७ च्या सुमारास त्यांनी एका धातूच्या पत्र्यावर डांबराचा पातळ लेप दिला, तो पत्रा कॅमेऱ्यात बसवला आणि कॅमेरा वरच्या मजल्याच्या खिडकीत ठेवला. समोर होतं आपल्याच घराचं आवार आणि छपरं. प्रकाश लागायला किती वेळ गेला असेल? निदान आठ तास! काही अभ्यासकांच्या मते तर कित्येक दिवस. तोवर सूर्य इकडून तिकडे सरकला, त्यामुळे त्या चित्रात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. तो पत्रा आज अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जपून ठेवला आहे. म्हणजे बघा, फोटोग्राफीची सुरुवातच ‘माझ्या खिडकीतून काय दिसतं’ इथून झाली.

पुढे १८३८ मध्ये दागेर यांनी पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा, पण फोटोत ओसाड! कारण हलणारी माणसं आणि गाड्या त्या वेळच्या मंद कॅमेऱ्यात उमटल्याच नाहीत. ठळकपणे उमटला तो एक माणूस. तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिला होता. त्याचं नावही कुणाला माहीत नाही, पण फोटोत टिकून राहिलेल्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे काय? आपल्याकडेही ही हौस फार लवकर आली. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे डॉक्टर, पण छायाचित्रणातही तरबेज. त्या सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही ते होते. दुसरं नाव लाला दीनदयाळ यांचं. ते मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुरकीला इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला तो छंद म्हणून. नोकरी चालूच होती. हा छंद इतका वाढला, की पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यातच होता, बरं का! १८९० च्या दशकात दुष्काळ पडले, तेव्हा औरंगाबादकडच्या दुष्काळी कामांचे फोटोही त्यांच्या स्टुडिओने काढले. आज तो दुष्काळ कसा होता हे पाहायचं, तर त्या काचेच्या प्लेटांकडेच जावं लागतं. टपाल खात्याने २००६ मध्ये त्यांच्यावर तिकीटही काढलं.

आता आपल्या कामाला लागू.

पहिला प्रश्न : उभं कुठे राहायचं? अनेकांना वाटतं, जितक्या दूरचं शहर, तितका फोटो भारी. इथे थोडं गणित करू. मोकळ्या सपाट रानात उभं राहिलं, तर क्षितिज किती दूर असतं? जमिनीपासून डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.६ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. डोळे नऊ मीटर उंचीवर, म्हणजे एखाद्या गच्चीवर असतील, तर वर्गमूळ ३ आणि क्षितिज सुमारे ११ किलोमीटरवर. हिंगोली आपल्यापासून साधारण २० किलोमीटर. तिथला ३० मीटर उंचीचा मनोरा मध्ये काही आडवं न येता दिसलाच, तर किती मोठा दिसेल? हात लांब करून धरलेल्या खसखशीच्या दाण्याएवढा! म्हणून तर डोळ्यांना ‘वा!’ वाटलेलं दूरचं शहर फोटोत नुसती धुरकट रेघ होऊन बसतं. तोच मनोरा दोन किलोमीटरवरून पाहिला, तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा दिसतो. तेव्हा आपल्या गावापासून दीड-दोन किलोमीटरवरचा एखादा माळ, बांध किंवा ओळखीच्या माणसाची गच्ची शोधा. फोनवर बोटांनी चित्र फार मोठं करू नका. बहुतेक फोनमध्ये एका मर्यादेपुढे चित्र नुसतं कापून ताणलं जातं आणि फुटतं.

दुसरा प्रश्न : वेळ कोणती? गाव तुमच्या पूर्वेला असेल, तर संध्याकाळी जा. सूर्य तुमच्या पाठीशी राहील आणि गावावर सोनेरी ऊन पडेल. सकाळी गेलात तर सूर्य समोर येईल आणि गाव काळ्या कागदातून कापल्यासारखं दिसेल. तेही सुंदरच, पण आपल्याला काय हवं ते आधी ठरवायचं. मे महिन्याच्या दुपारी जाऊ नका. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, त्यामुळे चित्र हलतं. हवेत धूळही असते. पावसाची एखादी चांगली सर पडून उघडीप झाली, की धूळ खाली बसते आणि लांबचे डोंगरसुद्धा धुतल्यासारखे दिसतात. ते निळसर का दिसतात, ठाऊक आहे? आपल्या आणि डोंगराच्या मध्ये असलेली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते म्हणून.

तिसरी गोष्ट : फोटोत तीन पायऱ्या ठेवा. अगदी जवळ काहीतरी हवं, म्हणजे हळदीची पानं, बैलगाडीचं चाक किंवा बाभळीची फांदी. मध्ये रान किंवा रस्ता. आणि शेवटी गाव. जवळचं काही असलं की दूरचं खरोखर दूर वाटतं. आभाळ फार उजळ असेल, तर फोनच्या पडद्यावर गावावर बोट टेकवा, म्हणजे गाव काळं पडणार नाही. रोलच्या काळात एका रोलवर ३६ फोटो निघायचे, म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. तुम्हीही एका फेरीत फक्त ३६ च फोटो काढायचे असं ठरवून बघा. नजर आपोआप तयार होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एक फोटो काढून थांबू नका. जागेची खूण लक्षात ठेवा, तारीख, वेळ आणि दिशा वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून, त्याच दिशेने पुन्हा फोटो काढा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पाच वर्षांनी पाचही फोटो शेजारी मांडा. आभाळात नवा मनोरा आलेला असेल, कौलांच्या जागी स्लॅब आलेला असेल, एखादं जुनं झाड गेलेलं असेल. झाड गेलं की महिन्याभरात आपण ते विसरतो. ते कुठे होतं यावर मोठी माणसंही वाद घालत बसतात. तुमच्या वहीत मात्र ते तारखेसकट उभं असेल.

मुंबईच्या आकाशरेषेचे फोटो काढायला हजारो लोक आहेत. कळमनुरीचा फोटो काढायला कोण येणार? आपला हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्या दिवशी आपलं गाव दुरून कसं दिसत होतं, याचा एखादा फोटो तुमच्या घरी आहे का? आजी-आजोबांना विचारून बघा. लग्नाचे, बारशाचे फोटो निघतील, पण गावाचा क्वचितच निघेल. आज तुम्ही काढला नाहीत, तर आणखी पंचवीस वर्षांनी हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांनाही हेच उत्तर मिळेल.

काही नियम मात्र पाळायचे. पाण्याच्या टाकीवर, मनोऱ्यावर, रेल्वेच्या रुळांवर चढायचं नाही. इसापूर धरणासारख्या ठिकाणी फोटोला मनाई असल्याचा फलक असेल, तर कॅमेरा पिशवीत ठेवायचा. कुणाच्या शेतात किंवा गच्चीवर विचारूनच जायचं. कुणाचाही चेहरा टिपायचा असेल, तर आधी परवानगी घ्यायची. आणि एकट्याने जायचं नाही, सोबत मोठं माणूस हवंच.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्याशीही. महागडा कॅमेरा घेऊन द्यायची काहीच गरज नाही, घरातला फोन रविवारी तासभर द्या. ‘अभ्यास सोडून हे काय?’ असं म्हणण्याआधी वरचं वर्गमूळ आठवा. आणि वर्षातून एक फोटो तरी छापून आणा. फोन हरवतात, बिघडतात, छापलेला फोटो पेटीत राहतो. त्याच्या मागे तारीख मुलाच्या हातानेच लिहू द्या.

मग येत्या रविवारी सुरुवात करायची ना? आधी पेन्सिलीने काढलेली ती अर्धवट रेघ सोबत न्या. माळावर उभे राहा, गावाकडे बघा आणि कागदावरची रेघ पूर्ण करा. कॅमेरा त्यानंतर काढायचा!