जिंकलेला किल्ला पाडण्याचे धैर्य

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षितांना 'ब्रेव्हहार्ट' चित्रपटातील वॉलेस आठवतो, फार तर बॅनकबर्नची रणभूमी. त्याआधी तीन महिने, १४ मार्च १३१४ रोजी, एडिंबरोच्या कड्यावर काय घडले याचे स्मरण कोणास? ज्यांना आहे, तेही रॉबर्ट ब्रूसने जिंकलेला किल्ला पाडला म्हणून नाके मुरडतात. स्वतःचाच वारसा उद्ध्वस्त करणारा हा कसला राष्ट्रपुरुष, असा त्यांचा सवाल असतो. त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

१२९६ मध्ये पहिल्या एडवर्डने हा किल्ला घेतला आणि स्कॉटिश राजांच्या अभिषेकाची शिलाही वेस्टमिन्स्टरला नेली. तटबंदी फोडणारी अवजड यंत्रे ब्रूसच्या सैन्यापाशी नव्हती. थॉमस रँडॉल्फने उपाय शोधला तो माणसांत. तरुणपणी किल्ल्यात राहणारा विल्यम फ्रान्सिस रात्री कडा उतरून नगरातील प्रेयसीस भेटावयास जात असे, असे बार्बर कवी सांगतो. त्याच वाटेने तीस वीर शिडी घेऊन अंधारात चढले. इकडे दरवाजावर हल्ल्याची हूल दिली गेली आणि अठरा वर्षांची परकीय सत्ता एका रात्रीत उखडली गेली.

आता तो पाडण्याविषयी. किल्ला राखावयाचा तर शिबंदी हवी, धान्य हवे. ब्रूसपाशी दोन्ही तुटपुंजे होते. दुसऱ्या एडवर्डची प्रचंड सेना येणार हे दिसत असता मूठभर सैन्य भिंतींआड कोंडावे काय? ब्रूसने भिंती पाडल्या आणि माणसे मोकळी केली. बॅनकबर्नवर एका तुकडीचे नेतृत्व याच रँडॉल्फने केले. पराभूत एडवर्डला जवळच्या स्टर्लिंगच्या किल्ल्यात प्रवेश मिळाला नाही; एडिंबरोत आश्रयास तट उरला नव्हता. त्याला थेट डनबार गाठून समुद्रमार्गे पळावे लागले!

इंग्रज पुढे परतलेच ना, असे कोणी म्हणेल. होय, १३३० नंतरच्या दशकात ते आले आणि १३४१ मध्ये किल्ला पुन्हा जिंकावा लागला. परंतु तोवर १३२८ च्या तहाने इंग्लंडला स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले होते. ते कागदावर आले, कारण आधी ते रणात सिद्ध झाले होते.

सेंट मार्गारेटचे प्रार्थनामंदिर त्या कड्यावर आजही उभे आहे. श्रद्धास्थान टिकले, शत्रूचा आधार तेवढा गेला. वारसा दगडांत असतो की ते दगड कोणासाठी उभे आहेत हे ओळखण्यात, याचे उत्तर ब्रूसने केव्हाच दिले आहे.