मास्क पाहिला, कापड नाही

२०२७च्या सिंहस्थाची लगबग नाशकात सुरू आहे. घाट, रस्ते, पूल यांवर बैठका झडतात. रामकुंडावर खांद्याला खांदा लावून उभे राहणारे एकमेकांच्या तोंडावर खोकतील, त्याचे काय, हा विषय कोणी काढत नाही. म्हणून कापडी मास्कचा हिशेब आताच मांडलेला बरा.

कोरोनाच्या साथीत, २०२०च्या मार्चअखेरीस केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरगुती मास्कची पुस्तिका काढली. वैद्यकीय मास्क दवाखान्यांसाठी राखायचे होते. मग बचत गटांच्या बायकांनी मास्क शिवले, नाशिकरोड कारागृहातल्या कैद्यांनी शिवले, येवल्यात तर पैठणीचेही निघाले. (जरीचा मोर विषाणू अडवतो का, हे लग्नघरात कोण विचारणार!) पाठोपाठ मास्क नसणाऱ्याला दंड आला. २०२१च्या मार्चमध्ये नाशकात गर्दी रोखण्यासाठी बाजारपेठेत शिरायला पाच रुपयांची पावतीही आली. पण पावती फाडणाऱ्याने तोंडावर काहीतरी आहे, एवढेच पाहिले. धुऊन धुऊन जाळी झालेले एकपदरी कापड चालून गेले, ओढणीचे टोकही चालले.

असले कापड खिडकीशी धरावे. पलीकडचे गज स्पष्ट दिसले तर त्याने टेबल पुसावे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२०मध्ये तीन थर सांगितले होते: आत सुती, बाहेर पाणी न शोषणारे, मध्ये पॉलिप्रॉपिलीनचे न विणलेले. हा मधला थर काही परदेशातून आणायचा नव्हता. दुकानात मिळणारी कापडासारखी दिसणारी पिशवी त्याच मालाची असते.

तरीही कापडाकडून फार अपेक्षा नको. बांगलादेशातल्या सुमारे ६०० गावांच्या चाचणीत सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला संसर्ग ११ टक्क्यांनी घटला. कापडी मास्कचा फायदा स्पष्ट दिसला नाही. हनोईच्या रुग्णालयांतल्या चाचणीत तर कापडी मास्कवाल्या कर्मचाऱ्यांनाच जास्त संसर्ग झाला. घरगुती मास्क घालणाऱ्याची थुंकी अडवतो. दुसऱ्याच्या खोकल्यापासून घालणाऱ्याला वाचवण्यात तो तोकडा पडतो.

तेव्हा महापालिकेने आरोग्य केंद्रांवर खोकणाऱ्या यात्रेकरूला सर्जिकल मास्क द्यावा. कापडी शिवून घ्यायचेच असतील, तर बचत गटांना नमुना आणि मधल्या थराचे कापड आधी पोहोचवावे. थर किती, हे कामाच्या आदेशात लिहिले नाही, तर सर्वांत कमी दराच्या नियमाने सर्वांत पातळ कापडच पास होईल.