बोरघाटाने देश घडवला, की फक्त माल उतरवला?

१/१३
'इंग्रजांनी रेल्वे दिली, म्हणून हा देश व्यापारात पुढे आला.' हे विधान समाजमाध्यमांवर दर काही आठवड्यांनी नव्याने अवतरते आणि पुरावा म्हणून खंडाळ्याच्या बोगद्यांचे छायाचित्र जोडले जाते. पुरावा उत्तम निवडलेला आहे. अडचण इतकीच, की तो उलट बाजूने साक्ष देतो.

२/१३
जे खरे आहे ते आधी मान्य करू. बोरघाटाचे काम अचाट होते. १८५६ मध्ये सुरुवात, १८६३ मध्ये वाहतूक खुली. २५ बोगदे, सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण. १८६१ च्या सुमारास ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांचे बळी घेतले. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये दंगाही झाला.

३/१३
मात्र 'ब्रिटिश भांडवलाने धोका पत्करला' हे खरे नाही. जी.आय.पी. रेल्वे कंपनीशी १८४९ मध्ये झालेल्या करारात भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती. उत्पन्न कमी पडले तर तूट भरून काढणार हिंदुस्थानचा खजिना. आणि त्या खजिन्याचा मोठा आधार होता रयतेचा शेतसारा. नफा लंडनचा, जोखीम दख्खनच्या शेतकऱ्याची.

४/१३
हा लोहमार्ग हवा कशासाठी होता? लष्कराच्या हालचालींसाठी आणि व्यापारासाठी. लॉर्ड डलहौसीच्या १८५३ च्या रेल्वेविषयक टिपणात इंग्लंडला हव्या असलेल्या कापसाचा स्पष्ट उल्लेख आहे. थळघाटाने खानदेश-वऱ्हाडाची वाट मोकळी केली, बोरघाटाने पुणे-सोलापूरकडची. कच्चा माल घाट उतरू लागला, तयार कापड घाट चढू लागले.

५/१३
निर्यात वाढली का? निश्चित वाढली. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. भाव उतरले, सारा मात्र चढला, कर्जे तशीच राहिली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यामागच्या कारणांत हेही एक होते.

६/१३
यावरून 'व्यापार वाईट' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. खुद्द ब्रिटन व्यापारावरच जगत होते. खरा प्रश्न निराळा आहे: माल निघून गेल्यावर देशात मागे काय उरते? कौशल्य, यंत्रे, निर्णयाचा अधिकार, की नुसती पावती? स्पर्धाशक्ती मोजायची ती इथे. मालगाड्यांची संख्या मोजून नव्हे.

७/१३
जपानशी तुलना करून पाहावी. तिथली पहिली रेल्वे १८७२ ची, म्हणजे बोरघाटानंतर नऊ वर्षांनी. तीही लंडनमध्ये उभारलेल्या कर्जावर आणि ब्रिटिश अभियंत्यांच्या हाताखाली बांधलेली. पण १८८० मध्ये क्योतो आणि ओत्सू यांच्यामधला ओसाकायामा बोगदा जपानी अभियंत्यांनी आणि कामगारांनी स्वबळावर पूर्ण केला. आठ वर्षांत विद्या हस्तगत झाली.

८/१३
'जपानला जकातीचे संरक्षण होते' हा आक्षेप इथे टिकत नाही. असमान तहांमुळे जपानला १९११ पर्यंत जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य नव्हते. पण कोणाला शिकवायचे आणि कोणाला काम द्यायचे हे त्याच्या हाती होते. पुण्यातही १८५४ मध्ये, घाटाचे काम सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, अभियांत्रिकीची शाळा निघाली होती. तिचा हेतू सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम नोकर तयार करणे हा होता.

९/१३
आणि जिथे हिंदी उद्योग खरोखर स्पर्धेत उतरला, तिथे काय झाले? १८९६ मध्ये आयात कापडावर ३.५ टक्के जकात ठेवली गेली आणि लँकेशायरचे नुकसान नको म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच अबकारी शुल्क बसवले गेले. ते हटायला १९२५ साल संपत आले. खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

१०/१३
हे सारे त्या काळीच ओळखणारा माणूस पुण्यात होता. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी मांडले की इंग्लंडचे अर्थशास्त्र सर्व देशांना, सर्व काळी लागू पडत नाही. जर्मन विचारवंत फ्रीडरिख लिस्ट यांचा आधार त्यांनी घेतला. केवळ शेतीवर विसंबलेला देश दुबळा राहतो. सरकारने उद्योगांना हात द्यायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

११/१३
सरकारने हात दिला नाही, तेव्हा लोकांनी दिला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा केला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काचविद्या शिकवू लागले. कारखाना लहान होता, पण तिथे शिकलेले कारागीर देशभरच्या काच कारखान्यांत गेले. मागे उरणे म्हणजे हेच.

१२/१३
म्हणून देशी ते सारे पवित्र, असेही नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथल्या धरणांचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. कोळशावरचे अवलंबन घटले, स्पर्धाशक्ती वाढली. पण पुढे मुळशीच्या धरणात मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करूनही धरण झालेच. धोरण राष्ट्राचे असले, तरी किंमत कोण मोजतो हा प्रश्न विचारावाच लागतो.

१३/१३
२०२२ मध्ये तळेगावसाठी चर्चेत असलेला वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातकडे गेला, तेव्हा वाद रंगला तो किती कोटी गेले आणि किती नोकऱ्या गेल्या यावर. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. तंत्रज्ञान कोणाचे, ते इथे कोण शिकणार आणि जमीन कोणाची जाणार, हे प्रश्न मागेच राहिले. बोरघाटाचे छायाचित्र जरूर मिरवावे. त्याखाली ओळ मात्र खरी लिहावी: हा मार्ग इथल्या खजिन्याच्या हमीवर आणि इथल्या हातांनी बांधला गेला, निर्णय तेवढे इथले नव्हते.