चिरा त्यांचा, खड्डा आमचा?

मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबाद भागातल्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. १९४४ मध्ये खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. २००९ पासून कोळसा खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो, त्यासाठीचा पैसाही वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातले. इथे कोळसा नाही, जांभा चिरा आहे. मालक चिरा नेतो, खड्डा मागे राहतो. पावसात तो भरतो, काठावर मजुरांची पोरे खेळतात.

आमची मागणी साधी आहे. कोळशाची शिस्त चिरेखाणीलाही लावा. कुंपण, भराव, झाडे यांचे पैसे परवान्याआधी घ्या. ते काम भूमिहीनांना द्या. कमाई एकाची आणि खड्डा गावाचा, हा न्याय आम्हाला मान्य नाही!